कट्टा, काटा आणि नाट्यशास्त्राची पदवी

दिवाळी झाली की वडशात पाय ठेवायला जागा नसते. कागदोपत्री गावाचं नाव देसाईगंज, पण रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी वडसाच. नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीनं लागलेली, प्रत्येकाच्या दारावर नटनट्यांच्या फोटोंचा भलामोठा बॅनर, आत टेबलामागे मॅनेजर आणि समोर कुठल्या तरी गावच्या मंडळाचे चार जण घासाघीस करत बसलेले. मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा, अमुक तारखेला आहे, त्याच रात्रीचं नाटक पाहिजे, गेल्या वर्षीची ती हिरोईन पाहिजे, आणि पैसे मात्र गेल्या वर्षीएवढेच. धान कापून घरात आलेलं असतं, पाहुणेरावळे मंडईच्या निमित्तानं गावात आलेले असतात, सोयरिकी जुळायच्या असतात. तिथून थेट होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, रोज कुठे ना कुठे नाटक उभं असतं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि उजाडायच्या बेतात पडतो. लोक घोंगड्या पांघरून बसतात, मधेच पोरं झोपतात, पण म्हातारी माणसं उठत नाहीत.

मी या मुलखातली. दोन एकर धान आणि हंगामात नाटक, असं आमचं घर चालायचं. बाबा प्रॉम्प्टर होते. बाहेरच्यांना हे काम कळत नाही, म्हणून सांगते. झाडीपट्टीतला नट एका हंगामात पाच-सहा नाटकं करतो, आज हे तर उद्या ते, तालमी मोजक्याच. त्यामुळे अख्खं नाटक प्रॉम्प्टरच्या हातातल्या वहीवर चालतं. बाबा वाद्यवाल्यांच्या शेजारी बसत, वहीवर झाकलेला छोटा दिवा, आणि रात्रभर सगळ्यांची सगळी वाक्यं वाचत. आवाज असा की नटाला ऐकू जावा, पहिल्या रांगेला जाऊ नये. कुणाला नुसते पहिले दोन शब्द पुरतात, कुणाला पूर्ण वाक्य द्यावं लागतं, कुणी जुना नट लवकर शब्द दिला तर विंगेत येऊन डोळे वटारतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. वाक्य नटाच्या अर्धा श्वास आधी पोचलं पाहिजे. आधी गेलं तर दोन आवाज ऐकू येतात, उशीर झाला तर नट उघडा पडतो.

तर अशा माणसाच्या मुलीनं बी.ए. झाल्यावर विद्यापीठात जाऊन नाटक शिकायचं म्हटलं. बाबा चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘नाटक सिकाले कालेजात जा लागते का वो बाई?’ प्रश्न खोचक नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही आणि पुढची काही वर्षं मी ते शोधत होते, असं म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात नाटकाची पदवी घ्यायची तर तशा जागा आहेत. पुण्याला ललित कला केंद्र आहे, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, मुंबई विद्यापीठात ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, शिवाय लोककलांसाठी वेगळी अकादमी आहे. मी शिकले ते ठिकाण यांपैकी आहे की नाही हे सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. शिकवलं मात्र भरपूर. भरताचं नाट्यशास्त्र, स्तानिस्लाव्हस्कीची अभिनयपद्धती, ब्रेख्त, प्रकाशयोजना, आवाजाचे व्यायाम, सकाळी सहाला मैदानावर पळणं. पहिल्या वर्षी वर्गात निम्म्या मुलांच्या डोक्यात मालिका होत्या, दुसऱ्या वर्षी पाऊण. त्यात त्यांचा दोष नाही. घरून पैसे आणून शिकलेल्या पोरानं मुंबईचा रस्ता धरला तर त्याला गावाची आठवण करून देणारे आपण कोण? पण माझ्यासारखे दोन-चार होते ज्यांना परत जायचं होतं, आणि अभ्यासक्रमात परतीच्या रस्त्यासाठी फारसं काही नव्हतं. लोककलेचा एक पेपर होता. त्यात झाडीपट्टी अर्ध्या पानात संपायची: दंडार, खडी गंमत ही इथली लोकनाट्यं, मग ‘आजही ही परंपरा जिवंत आहे’ आणि पुढचा मुद्दा. ज्या रंगभूमीवर हजारो माणसांचं पोट चालतं, जिचा एक नट, परशुराम खुणे, २०२३ साली पद्मश्री झाला, तिच्या जिवंतपणाची नोंद घ्यायला एक ओळ पुरत होती.

‘समाजासाठी रंगभूमी’ या नावाचंही काही होतं. त्यात आम्हाला पथनाट्य घेऊन खेड्यात पाठवत. विषय वरून यायचा, संहिताही बहुधा वरून यायची, तिच्यात घोषणा आधीच लिहिलेल्या असायच्या. डफ, गोल रिंगण, एकसारखे टी-शर्ट. शाळेतल्या मुलांना पुढे बसवलेलं, त्यांच्यामागे सरपंच, आणि शेवटी फोटो. एकदा व्यसनमुक्तीचं पथनाट्य घेऊन आम्ही आमच्याच जिल्ह्यात आलो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती आणण्यासाठी इथल्या बायकांनी काय काय केलं ते आमच्या संहितेत कुठेच नव्हतं. बाया समोर बसून शांतपणे बघत होत्या. दारू वाईट हे त्यांना आम्ही सांगत होतो! नाटक संपल्यावर एकीनं चहा दिला आणि ‘छान बोलता वो तुमी’ म्हणाली. इतकं सभ्य अपयश मी पुन्हा पाहिलं नाही.

त्याच वर्षी एका सरांनी वर्गात ऑगुस्तो बोआलची गोष्ट सांगितली. बोआल ब्राझीलचा नाटककार. तरुणपणी तो आणि त्याची मंडळी ईशान्य ब्राझीलमधल्या गरीब शेतमजुरांपुढे नाटकं करत फिरायची. शेवटी सगळे नट बंदुका उंचावून गात, जमिनीसाठी आपण रक्त सांडू. एका ठिकाणी नाटक झाल्यावर व्हिर्जिलियो नावाचा शेतकरी भारावून पुढे आला. म्हणाला, तुमचं आमचं एकच मत आहे, चला, बंदुका घ्या, जमीनदाराच्या माणसांनी आमच्या एकाची जमीन बळकावलीय, त्यांना हुसकू. नटांनी सांगितलं की या बंदुका नाटकाच्या आहेत, खोट्या आहेत. काही हरकत नाही, तो म्हणाला, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही नुसते चला. तेव्हा त्यांना सांगावं लागलं की आम्हीही खरे नट आहोत, खरे शेतकरी नाही. वर्गात हशा पिकला. आमच्या जिल्ह्यात बंदूक म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधून चालत गेलेली माणसं माझ्या नात्यात आहेत. मला हसू आलं नाही. दुसऱ्याच्या वतीनं रक्त सांडायची भाषा किती स्वस्त असते, एवढंच मनात राहिलं.

बोआलनं त्यानंतर तशी नाटकं करणं सोडलं. १९७३ साली तो पेरूमध्ये साक्षरतेच्या एका सरकारी मोहिमेत काम करत होता. तिथे एका बाईची हकीकत नाटक म्हणून उभी केली. नवरा तिच्याकडे काही कागद सांभाळायला द्यायचा, महत्त्वाचे आहेत म्हणायचा. तिला वाचता येत नव्हतं. एकदा शेजारणीकडून वाचून घेतले तर निघाली दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं. आता नवरा घरी येतोय, तिनं काय करावं? प्रेक्षकांनी सुचवायचं आणि नटांनी ते करून दाखवायचं, अशी रीत होती. एक धिप्पाड बाई म्हणाली, तिनं त्याच्याशी नीट स्पष्ट बोलावं. नटीनं स्पष्ट बोलून दाखवलं. असं नाही, आणखी स्पष्ट. पुन्हा केलं. तरी नाहीच. शेवटी बोआल वैतागून म्हणाला, मग तुम्हीच येऊन दाखवा. ती आली, झाडू उचलला, नवरा झालेल्या नटाला यथेच्छ बडवून काढलं, आणि मग म्हणाली, आता स्पष्ट बोलणं झालं, आता मला जेवायला वाढ. तिथून ती पद्धत जन्मली, जिला आता जगभर फोरम थिएटर म्हणतात. नाटक एकदा पूर्ण करायचं, वाईट शेवटासकट. मग तेच पुन्हा सुरू करायचं, आणि प्रेक्षकातला कुणीही ‘थांबा’ म्हणून उठून पात्राची जागा घेऊ शकतो. बाकीच्या नटांनी त्याला सहज जिंकू द्यायचं नाही. पुढे नव्वदच्या दशकात बोआल रिओचा नगरसेवक झाला तेव्हा याच मार्गानं लोकांनी सुचवलेले १३ कायदे त्यानं मंजूर करून घेतले. आपल्याकडे पश्चिम बंगालात ‘जन संस्कृती’ ही १९८५ साली सुरू झालेली संस्था सुंदरबनच्या गावांत हे काम करते आहे.

मला ते ऐकताना बाबा आठवत होते. बाबा जन्मभर माणसांना बोलायला वाक्यं देत आले. मी ज्या गोष्टीच्या मागे लागले होते तिच्यात वाक्य द्यायचंच नव्हतं. समोरचा अडला तरी द्यायचं नाही, तो अडू द्यायचा. प्रॉम्प्टरच्या मुलीला याहून अवघड काम दुसरं कुठलं सांगणार?

परत आल्यावर पहिला प्रयोग आम्ही धान खरेदीवर केला. आम्ही म्हणजे मी, कॉलेजात जाणारी पाच-सहा पोरं आणि कंपनीत विनोदी कामं करणारा एक काका. धान सरकारी केंद्रावर हमीभावानं विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी, सातबारा, बँकेचं पासबुक, मग रांग. नियमाप्रमाणे १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. धान ४० किलोच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, मोजतात. आणि काट्यावर कट्टा चढला की बारदाना, घट, ओलावा अशी नावं घेत किलो-दोन किलो जास्तीचं धान घातलं जातं अशी तक्रार तुम्हाला गावोगाव ऐकू येईल. रिकाम्या बारदान्याचं वजन पाऊण किलोही भरत नाही. मुलांनी हे सगळं स्वतः रांगेत उभं राहून लिहून आणलं. नाटक बारा-पंधरा मिनिटांचं. शेतकरीण धान घेऊन येते, काटेवाला दोन किलो जास्त मागतो, ती कुरकुरते, तो म्हणतो मग उद्या या, ती देऊन टाकते. संपलं. कुठलं केंद्र ते सांगितलं नव्हतं, पण बघणाऱ्यांना काटेवाल्याची चालही ओळखीची वाटली.

दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा आधी तरुण पोरं उठली. एकानं काटेवाल्याची कॉलर धरली. काटेवाला झालेल्या पोरानं शांतपणे मशीन बंद केली, ‘आज खरेदी बंद’ म्हणाला, आणि रांगेतले बाकीचे शेतकरी कॉलर धरणाऱ्यावरच खवळले. हे कुणी लिहिलेलं नव्हतं, ते जसं खरं घडतं तसं घडलं. दुसऱ्यानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. काटेवाला त्याच्याकडे बघून गोड हसला, त्याचा कट्टा बरोबर चाळीसवर मोजला आणि ओलाव्यात नापास केला. लोक हळूहळू गंभीर व्हायला लागले. मला वाक्य द्यायची इतकी अनावर इच्छा झाली होती की मी हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसले.

तेवढ्यात मागून एक आजी उठली. ही बाई ग्रामसभेत कधी बोललेली कुणाला आठवत नाही. पदर खोचत आली, नटीला बाजूला सारलं आणि म्हणाली, ‘पहिले मले बसवा काट्यावर.’

काटेवाला गोंधळला. ‘काहून?’

‘परवा दवाखान्यात नर्सबाईनं तोलली मले. चाळीस किलो भरली. एका कट्ट्याएवढीच आहो मी. तुमचा काटा मले किती दाखवते ते पाहू.’

माणसं हसून हसून आडवी झाली. पण काटेवाला झालेला पोरगाही तयारीचा होता. त्याला शिकवलं होतं की सोडायचं नाही. ‘आजी, तुमी जेवून आल्या असान, म्हून जास्त भरता.’

‘जेवली असती तं तुह्या केंद्रावर काहाले येती? सकाळपासून रांगेत उभी आहो.’ आणि ती खरंच त्या खोट्या काट्यावर, म्हणजे आमच्या उलट्या ठेवलेल्या पाटावर, जाऊन बसली. उठेना.

त्यानंतर जी चर्चा झाली ती माझ्या पदवीच्या कुठल्याही सेमिनारपेक्षा वरची होती. आजीचं म्हणणं गमतीचं होतं, पण त्यात एक युक्ती होती जी आमच्यातल्या कुणाला सुचली नव्हती: भांडायचं नाही, काट्याला माहीत असलेलं वजन दाखवायचं. कुणी म्हणालं, आजीला कशाला न्यायचं, रेशन दुकानातलं वीस किलोचं वजन नेलं तरी चालेल. कुणी म्हणालं, वजन न्यायचं तर सगळ्यांनी मिळून, एकट्यानं नेलं तर ओलाव्यात मारतील. एका बाईनं वेगळंच काढलं. म्हणाली, मी रोवणा करते, निंदण करते, कापणी करते, पण सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून काट्यापाशी तर मी पोचतच नाही, तुमच्या नाटकातली बाई तिथवर गेली कशी? नाटकातली चूक तिनं बरोबर पकडली होती. ते मग आम्ही दुसरं नाटक म्हणून उभं केलं. पुढच्या हंगामात काही जणांनी खरंच वजन सोबत नेलं. काटा सुधारला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांचं धान बरोबर मोजलं गेलं, एवढं खरं.

गावाला नाट्यशास्त्राचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते लगेच म्हणतात, म्हणजे जनजागृती. नाही हो. जागे सगळे होतेच. आजीला तिचं वजन माहीत होतं आणि काट्याचं खोटंही. तिच्याकडे नव्हती ती जागा, जिथे चुकीचं करून बघितलं तरी धान परत पाठवलं जाणार नाही. ती जागा तयार करायला मात्र शिकावं लागतं. काटेवाल्यानं किती ताणायचं, कुठे सोडायचं, माणूस उठायच्या बेतात असतो तेव्हा त्याच्याकडे न बघणं, हसू आल्यावर ते किती वेळ चालू द्यायचं, हे सगळं कसब आहे, आणि ते तालमीनं येतं. स्तानिस्लाव्हस्की मला इथे उपयोगी पडला. घोषणा अजून एकदाही उपयोगी पडलेल्या नाहीत.

दुसरी गंमत म्हणजे वर्गात सगळ्यात दुर्लक्षित असलेला पेपर गावात सगळ्यात जास्त कामाला आला. नाट्यव्यवस्थापन. सगळे तो आदल्या रात्री वाचून देत. झाडीपट्टीत नट्या रात्रभर काम करतात, पहाटे गाडीत बसून परत, दुसऱ्या रात्री दुसरं गाव. कपडे बदलायला कनातीचा आडोसा, संडासाला अंधार. कंपनी आणि गावचं मंडळ यांच्यात जो बुकिंगचा कागद होतो त्यात तारीख, पैसे, कलाकारांची नावं असतात. आम्ही काही मॅनेजरांना त्यात दोन ओळी वाढवायला लावल्या: एक बंद होणारी खोली आणि एक संडास, पाण्यासह. ‘पह्यले तं नव्हतं लागत,’ असं एका मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या सूनबाई शेजारीच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, पह्यले लागत होतं, तुमाले कोनी सांगत नव्हतं. त्या गावात खोली मिळाली. आवाजाचं शिकवायला गेले तिथे मात्र माझंच शिक्षण झालं. डिसेंबरच्या दवात, टांगलेल्या माइकखाली उभं राहून पहाटे चारला पद म्हणणाऱ्या नटाला श्वास कसा घ्यावा हे सांगणारी मी कोण लागून गेले! मी फक्त गरम पाणी, झोप आणि तंबाखू यांवर बोलले. तंबाखूचं कुणी ऐकलं नाही.

२०२० चा हंगाम कोरोनानं गेला. कंपन्यांची ऑफिसं बंद, नट रोजमजुरीवर, वाद्यं गोधडीत. त्या रिकाम्या हिवाळ्यात बाबांनी त्यांची पेटी उघडली. नाटकांच्या वह्या, काहींना वाळवी लागलेली. निळ्या शाईत संवाद, लाल शाईत काटछाट, आणि समासात बाबांचं बारीक अक्षर: ‘येथे टाळी येते, थांबणे.’ ‘हा विनोद साकोलीकडे चालत नाही.’ ‘बाया रडतात, घाई नको.’ कुठल्या गावचा प्रेक्षक कुठे हसतो याची अशी नोंद मी कुठल्याच ग्रंथालयात पाहिलेली नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसांनी झाडीबोलीवर आणि इथल्या लोकरंगभूमीवर जन्मभर काम केलं म्हणून निदान काही कागदावर आहे. बाकी बाहेरून येणारे अभ्यासक मंडईच्या दिवसांत कॅमेरा घेऊन येतात, दंडारीची गाणी रेकॉर्ड करून नेतात, प्रबंध होतो, गावात त्याची प्रत येत नाही. आम्ही वह्या स्कॅन करतोय. अट एकच ठेवलीय: पहिली प्रत ज्याची वही त्याच्या घरी.

विद्यापीठांना माझं एक मागणं आहे, कुणी विचारलेलं नसताना करते. नाटकाच्या विद्यार्थ्याची शेवटची परीक्षा तिकीट काढून बसलेल्या माणसांपुढे घ्या. परीक्षक तिथेच घोंगडी टाकून बसू देत. झाडीपट्टीतला प्रेक्षक कंटाळला की शिट्टी मारतो, आवडलं की स्टेजवर येऊन शर्टाला नोट टाचतो, आणि दोन्ही गोष्टी गुणपत्रिकेपेक्षा लवकर कळतात.

बाबा आता प्रॉम्प्टिंग करत नाहीत, डोळे साथ देत नाहीत. आमच्या फोरमच्या नाटकाला येतात, मागे बसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, वही कुठं आहे? वही नाही म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मंग तं लयच तालीम लागत असन.’ त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं असं मी धरून चालते.

यंदा एका मंडळानं मंडईला रात्रीच्या नाटकाआधी आमचा सातबाराचा प्रयोग ठेवायचं ठरवलंय. पैसे देतो म्हणाले, थोडे का होईना. अट घातली की मधात एक लावणी टाका, नाहीतर लोक चहाला उठतात. आमच्या पोरांत यावरून दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, गंभीर विषयाचा विचका होईल. माझं मत टाकावी असं आहे. आता प्रश्न एवढाच उरलाय की लावणी चालू असताना कुणी ‘थांबा’ म्हणून उठलं, तर नाचायला कोण येईल.